पोट भरलेलं, तरी कोकराचं वजन का वाढत नाही?

नमस्कार मंडळी. कोकरं दिवसभर गव्हाणीवर असतात, पोटं टम्म दिसतात, पण काट्यावर वजन तिथल्या तिथेच. मग आपण आणखी भुसा टाकतो. कमी पडत असतं ते प्रथिन.

मेंढीच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव चाऱ्यातले तंतू फोडतात, आणि त्यांना त्यासाठी नायट्रोजन लागतो. खाद्यात प्रथिनं ७ टक्क्यांखाली गेली की त्यांचं काम मंदावतं. चारा पोटात पडून राहतो, कोकरू खाणं कमी करतं. गव्हाच्या काडात प्रथिनं जेमतेम ३ टक्के, ज्वारीच्या कडब्यात ४ च्या आसपास. भुईमुगाच्या पाल्यात मात्र १० ते १२! म्हणून पेंडीच्या आधी हा पाला गोळा करा. पानं गळू न देता वाळवा, कारण प्रथिनं पानांत असतात.

आता २० किलोच्या कोकराचा एका दिवसाचा हिशेब बघू. भुईमुगाचा पाला ३५० ग्रॅम, कडब्याची कुट्टी २००, शेंगदाणा पेंड १५०, मक्याचा भरडा १५०. एकूण ८५० ग्रॅम, त्यात प्रथिनं साधारण १२० ग्रॅम, म्हणजे १४ टक्के. वाढीला एवढी हवीतच.

पाल्याच्या जागी तेवढंच गव्हाचं काड घातलं तर? २८ ग्रॅम प्रथिनं गेली. ती भरून काढायला सुमारे ७० ग्रॅम जादा पेंड लागते, प्रत्येक कोकराला, रोज. खर्च वाढतो तो असा.

कुट्टी २-३ सेंटिमीटरची ठेवा. लांब कडबा दिला की कोकरं पानं निवडून खातात आणि ताटं तुडवतात. पेंड आणि भरडा एकत्र करून दोन वेळांत विभागून द्या. गव्हाणीत सगळ्यांची तोंडं एकाच वेळी मावली पाहिजेत, नाहीतर धट्टी कोकरं जास्तीचं खाऊन आजारी पडतात आणि दुबळी उपाशी राहतात.

खुराक, म्हणजे पेंड आणि भरडा, रोज थोडा थोडा वाढवत १० ते १४ दिवसांत पूर्ण मापावर आणा. एकदम वाढवला तर पोटात आम्ल वाढतं, आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) होतो, आणि चांगलं गुबगुबीत कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. आंत्रविषाराची लस खुराक सुरू करण्याआधीच टोचून घ्या.

पेंडीला कुबट वास आला, बुरशी दिसली, तर ती टाकून द्या. शेंगदाणा पेंडीतलं बुरशीचं विष यकृत खराब करतं, आणि उन्हात वाळवून ते जात नाही. गायी-म्हशींचं खनिज मिश्रणही मेंढ्यांना नको. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस विषबाधा होते. मेंढ्यांसाठीचंच मिश्रण आणा. नर कोकरांना भरडा जास्त असेल तर कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असं बघा, नाहीतर मूतखडा होऊन लघवी अडते. पाणी तर कायम समोर हवंच, ते कमी पडलं की कोरडा चारा खाल्लाच जात नाही.

दर १५ दिवसांनी, सकाळी खाद्य घालण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. खाणं चांगलं आहे आणि तरी वजन हलत नाही, तर पेंड वाढवण्याआधी लेंड्या तपासून जंत आहेत का ते बघा.