डिस्क निम्मी रिकामी, तरी 'जागा संपली' कशी?

(पडद्यावर टर्मिनल)

ही ओळ वाचा. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कवर जागा उरली नाही, असं मशीन सांगतंय. आता त्याच मशीनवर 'डीएफ डॅश एच' ही डिस्कचा वापर दाखवणारी कमांड चालवतो. वापर ५२ टक्के! दोन्ही ओळी खऱ्या आहेत.

एका छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर मला नेमकं हेच दिसलं. मी पोचेपर्यंत तिथल्या मुलाने घाबरून जुने बॅकअप उडवले होते. ४० जीबी मोकळी झाली, पण एरर जागचा हलला नाही. आणि बॅकअप गेले ते गेलेच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, 'जागा संपली' वाचल्यावर कुणाचाही हात आधी डिलीटकडेच जातो. म्हणून आज एवढंच सांगायचंय, की काहीही उडवण्याआधी टंचाई नक्की कशाची आहे ते कसं ओळखायचं. बोलतोय लिनक्सवरच्या एक्स्ट-फोर फाइलसिस्टिमबद्दल, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीबद्दल. उबंटू किंवा डेबियन नेहमीच्या पद्धतीने टाकलं असेल, तर तुमच्याकडे तीच आहे.

एक फाइल ठेवायला दोन गोष्टी लागतात. एक, मजकुरासाठी ब्लॉक. बहुतेक ठिकाणी एक ब्लॉक ४,०९६ बाइटचा. दुसरी गोष्ट, आयनोड. आयनोड म्हणजे त्या फाइलचा सातबारा. मालक कोण, परवानगी कुणाला, आकार किती, मजकूर कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे सगळं त्यावर. फक्त नाव नसतं. नाव फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं.

आता मुद्दा असा, की या नोंदवहीची पानं फॉरमॅट करतानाच मोजून बांधली जातात. साधारणपणे दर १६,३८४ बाइटमागे एक आयनोड. १ टीबीच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या तेवढ्या भागावर, ६ कोटींहून जास्त होतात, आणि एक आयनोड २५६ बाइटचा, म्हणजे निव्वळ नोंदवहीच १५ जीबीच्या आसपास जागा घेते. पार्टिशन मोठं केलंत तर त्या मानाने नवे आयनोड मिळतात. आहे त्या आकारात मात्र एकही वाढवता येत नाही. एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये ही अडचण येत नाही, तिथे आयनोड लागतील तसे तयार होतात.

म्हणून दुसरी कमांड, 'डीएफ डॅश आय'. ही ब्लॉक नाही, आयनोड मोजते. (पडद्यावर निकाल) १०० टक्के. शेत निम्मं पडीक, पण सातबारा लिहायला पान नाही.

मग एवढ्या फाइली आहेत कुठे? फोल्डरनिहाय मोजणी करणारी 'डीयू' कमांड घ्या. 'डीयू डॅश डॅश आयनोड्स डॅश एक्स', पुढे पत्ता, आणि तो निकाल चढत्या क्रमाने लावायला 'सॉर्ट डॅश एन'कडे द्या. सगळ्यात जास्त फाइलींचे फोल्डर शेवटी दिसतील. त्या सर्व्हरवर वेबसाइटच्या सेशन फाइली निघाल्या, म्हणजे साइटवर येणाऱ्या प्रत्येकाची तात्पुरती नोंद. शेकडो बाइटच्या, पण लाखोंनी. सेशनचा फोल्डर कुणीतरी नव्या जागी हलवला होता आणि साफसफाई करणारं काम रोज इमानाने जुनीच जागा झाडत होतं.

इथे फाइल उडवणारी 'आरएम' कमांड आणि पुढे 'सगळ्या फाइली' या अर्थाचं ताऱ्याचं चिन्ह (*) लावलंत, तर यादी फार लांब झाली म्हणून शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, नकार देईल. 'फाइंड' वापरा. आधी फोल्डरचा पत्ता, मग 'डॅश टाइप एफ' म्हणजे फक्त फाइली, मग 'डॅश एमटाइम प्लस ७' म्हणजे आठवड्याहून जुन्या, आणि शेवटी 'डॅश प्रिंट' म्हणजे नुसती यादी. यादी डोळ्यांखालून घाला. पटली तरच 'प्रिंट'च्या जागी 'डिलीट'. आणि कृपा करून लक्ष द्या, 'डॅश डिलीट' शेवटीच लिहायचं. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. डिलीट आधी आलं तर तारखेची अट बघण्यापूर्वीच फाइल गेलेली असते.

दुसरा प्रकार. डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयूने बेरीज केली तर निम्मीच भरते. असं झालं की 'सुडो एलसॉफ प्लस एल १' चालवून बघा, उडवलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली ती दाखवते. कुणीतरी मोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल, उडवलेली असते, पण लिहिणारा प्रोग्रॅम ती अजून उघडी धरून बसलेला असतो. नाव गेलं, आयनोड आणि ब्लॉक अडकलेलेच. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते.

तिसरा प्रकार घरच्या डिस्कवर जास्त दिसतो. एक्स्ट-फोर ५ टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवतं, ते तुम्हाला वापरता येत नाहीत. खोक्यावर १ टीबी लिहिलेली डिस्क मशीनच्या मोजणीत ९३१ जीबी, त्यातले ४६ जीबी राखीव. ही प्रथा जुनी आहे. १९८४ च्या बर्कलेच्या फास्ट फाइल सिस्टिममध्येही १० टक्के राखत, कारण डिस्क काठोकाठ भरली की फाइलचे ब्लॉक सलग मिळत नाहीत आणि वेग पडतो. शिवाय डिस्क भरली तरी रूटच्या लॉग सर्व्हिसेस चालू राहतात. म्हणून सिस्टिमच्या पार्टिशनवर हा राखीव भाग मी कधीच काढत नाही. नुसते फोटो ठेवायच्या डिस्कवर मात्र 'ट्यूनटूएफएस डॅश एम १' करून १ टक्क्यावर आणतो. चालू डिस्कवरही ते होतं.

देखभालीचं पटकन. सिस्टिमचं जर्नल, म्हणजे तिच्या लॉगची वही, फुगलं असेल तर 'जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम-साइज' लावून ५०० एमबीवर आणा. एसएसडी असेल तर कोणते ब्लॉक मोकळे झाले ते तिला कळवणाऱ्या 'एफएसट्रिम'चा आठवड्याचा टायमर चालू आहे ना, ते बघा. डीफ्रॅगच्या, म्हणजे विखुरलेले ब्लॉक सलग लावण्याच्या, मागे लागू नका. फाइलसिस्टिम तपासणारी एफएसचेक कमांड माउंट केलेल्या, म्हणजे जोडून वापरात असलेल्या, पार्टिशनवर दुरुस्तीसाठी कधीही चालवू नका, चांगली फाइलसिस्टिम त्याने मोडू शकते. पूर्वी ठरावीक वेळा माउंट झालं की तपासणी आपोआप व्हायची, आता बहुतेक ठिकाणी ते बंद असतं. शेवटची तपासणी कधी झाली ते 'ट्यूनटूएफएस डॅश एल' सांगतं.

त्या ऑफिसात आता रोज सकाळी सातला डीएफच्या दोन्ही कमांडचा निकाल मेलवर येतो. आज सकाळी जागा ४९ टक्के आणि आयनोड ११ टक्के होते.