तिसऱ्या फेरीतला चिखल

[दृश्य: पडद्यावर गेम सुरू. झाडीतला कच्चा रस्ता, सुटायच्या तयारीत सहा गाड्या.]

ही पहिली फेरी. रस्ता सपाट आहे. कडेला झाडी, खोलगट जागी थोडं पाणी साचलेलं. सहा गाड्या सुटतात आणि पहिल्याच वळणावर एकमेकींना घासून जातात.

आता थोडं पुढे नेऊ. वळण तेच, पण फेरी तिसरी. रस्त्यात चर पडलेत. आतल्या बाजूला दोन खोल चाकोऱ्या आहेत, मधे मातीचा वरंबा उभा राहिलाय, आणि बाहेरच्या कडेला एक गाडी घसरत गेली तिथे माती पार उकरून निघालीय. हे कुणा चित्रकाराने आधी काढून ठेवलेलं नाही. गेल्या दोन फेऱ्यांत याच सहा गाड्यांच्या चाकांनी ते खणलंय. शर्यत पुन्हा पहिल्यापासून लावली, की रस्ता परत सपाट होतो आणि या वेळी चर वेगळीकडे पडतात.

गेमचं नाव सेगा रॅली, साल 2007. सेगा ही जपानची गेम कंपनी, आणि रॅली म्हणजे कच्च्या, अवघड रस्त्यांवरची मोटारशर्यत. अमेरिकेत तो सेगा रॅली रेव्हो या नावाने विकला गेला. बनवला सेगा रेसिंग स्टुडिओने, इंग्लंडमधल्या सॉलिहल गावात. या स्टुडिओने आयुष्यात पूर्ण केलेला हा एकच गेम.

[दृश्य: अशोक चौक, दुपार. रिक्षा, सायकली, टॉवेलचे गठ्ठे लादलेला टेम्पो.]

सोलापूर. अशोक चौकापासून आत गेलं की गल्लीगल्लीत यंत्रमागांचा खटखटाट सुरू होतो. अशाच एका घरात खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग आहेत आणि वरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर. त्यावर आजही विंडोज एक्सपी ठेवलंय, ते या एका गेमसाठी. घरमालकाला सगळे अण्णा म्हणतात. दिवसभर तो खाली मागावर असतो. रविवारी मित्र जमतात. एक जण कॉलेजात शिकवतो, एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिसरा पुण्यात आयटीत आहे आणि सणावाराला गावी येतो. बोलणं मराठीत, मधूनच तेलुगूत, आणि चुकलं की अस्सल सोलापुरीत: "काय करालाय बे, ब्रेक सोड की!"

गेली कित्येक वर्षं ही मंडळी या गेमची बाजू मांडतायत. आम्ही ती ऐकायला गेलो आणि ऐकता ऐकता आम्हालाही ती पटली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाड्यांच्या बहुतेक गेममध्ये रस्ता हा एक पडदा असतो. त्यावरून हजार वेळा जा, तो होता तसाच राहतो. इथे तुमच्या आधी कोण कुठून गेलं, याचा हिशोब तुमच्या चाकाखाली येतो. पुढच्या गाडीने वळण आतून घेतलं असेल, तर तिथली माती आता पहिल्यासारखी उरलेली नसते. चाकोरीत शिरायचं की ती टाळून वरंब्यावरून जायचं, हे दर फेरीला नव्याने ठरवावं लागतं. फरक मोठा नसतो. चाक जरासं ओढलं जातं, मागची बाजू किंचित उशिरा वळते. पण तीन फेऱ्यांच्या शर्यतीत तेवढ्यावरच नंबर ठरतो.

[दृश्य: मंगळवेढ्याकडचं रान. पावसानंतरची गाडीवाट.]

सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. ही मंगळवेढ्याकडची काळी जमीन, मालदांडी ज्वारीची. पावसाळ्यात हिच्यातून बैलगाडी गेली की चाकाला चिकटा धरतो आणि मागे चाकोरी पडते. उघडीप मिळाली की तीच चाकोरी वाळून कडक होते. मग मोटारसायकलचं पुढचं चाक तिच्यात एकदा बसलं, की पुढच्या बांधापर्यंत बाहेर निघत नाही. अण्णाचा मोबाइलवाला मित्र याच भागातला. पहिल्यांदा हा गेम बघितला तेव्हा तो नुसता रस्त्याकडेच बघत होता, गाडीकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो म्हणतो, "गाड्या सगळ्याच गेममध्ये भारी असतात. वाट अशी कुणी दाखवलीच नव्हती."

या गेमची मुळं बरीच मागे जातात. 1995 च्या सुमारास जपानी सेगाने आर्केडसाठी सेगा रॅली चॅम्पियनशिप आणला. आर्केड म्हणजे नाणं टाकून खेळायचं मोठं यंत्र, बसायला खुर्ची, हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल. तेत्सुया मिझुगुची हे त्यामागचं महत्त्वाचं नाव. टोयोटा सेलिका आणि लान्शिया डेल्टा या दोन गाड्या, आणि पुढे घरी खेळायच्या आवृत्तीत जिंकणाऱ्यासाठी लपवून ठेवलेली लान्शिया स्ट्रॅटोस. वाळवंट, जंगल, डोंगर आणि शेवटी तळ्याकाठचा अवघड ट्रॅक. त्या गेमची कमाल अशी की खडीवर गाडी एक वागायची, डांबरावर दुसरी आणि चिखलात तिसरी. आज हे आपण धरूनच चालतो. तेव्हा ते नवं होतं, आणि पुढच्या बऱ्याच रॅली गेमनी ते तिथून उचललं. 1998 मध्ये आर्केडला दुसरा भाग आला.

2007 च्या गेमने तीच गोष्ट एक पायरी पुढे नेली. आधी जमिनीचा प्रकार बदलला की पकड बदलत होती. आता जमीन शर्यत चालू असतानाच बदलू लागली.

स्टुडिओचा प्रमुख होता गाय वाइल्डे. कोडमास्टर्स या ब्रिटिश गेम कंपनीच्या कॉलिन मॅक्रे रॅली या गाजलेल्या मालिकेवर काम केलेला माणूस. म्हणजे काटेकोर, खऱ्या रॅलीच्या जवळ जाणारे गेम त्याने आधी करून झाले होते. इथे मात्र त्याच्या चमूने मुद्दाम सोपी, मोकळी गाडी दिली. ब्रेक थोडाच मारायचा, गाडी वळणाआधीच आडवी टाकायची आणि अॅक्सिलरेटर सोडायचा नाही. गाडी आपटली तरी इंजिन बिघडत नाही, चाक निखळत नाही. काही जाणकारांना हे पोरकट वाटलं. आम्हाला वाटतं, निवड अगदी बरोबर होती. डोक्यात दुरुस्तीची काळजी नसते, म्हणून तर डोळे रस्त्यावर राहतात, आणि या गेममध्ये बघण्यासारखं जे काही आहे ते रस्त्यावरच आहे.

[दृश्य: अंगावर चिखल चढलेली गाडी पाण्यातून जाते.]

हे जरा सावकाश बघा. गाडीचा रंग निळा होता. दोन फेऱ्यांनंतर दाराच्या खालचा भाग, मागची काच, नंबर, सगळं चिखलाखाली गेलंय. आता गाडी पाण्यात शिरते. पाणी उडतं, खालचा चिखल धुतला जातो आणि निळा रंग परत दिसायला लागतो. बर्फाच्या ट्रॅकवर चिखलाच्या जागी बर्फ चढतो. सफारी, कॅन्यन, ट्रॉपिकल, अल्पाइन, आर्क्टिक आणि सगळ्यांत शेवटी लेकसाइड, असे हे प्रदेश. लेकसाइड म्हणजे 1995 च्या त्या तळ्याकाठच्या ट्रॅकला केलेला नमस्कार. तो सहज मिळत नाही, आधी बाकीच्या शर्यतींत गुण कमवावे लागतात.

[दृश्य: कीबोर्डवर बोटं.]

या गटात सगळ्यांत चांगली गाडी चालवायची ती अण्णाची मोठी बहीण. सगळे तिला अक्का म्हणतात. लग्न होऊन ती हैदराबादला गेली, पण तिच्या खेळाबद्दल ही मंडळी अजून आदराने बोलतात. स्टिअरिंग नव्हतं, गेमपॅड नव्हता, होता तो साधा कीबोर्ड. बाकीचे वळणावर बाणाची कळ दाबून धरायचे आणि गाडी गरकन फिरायची. अक्का कळ दाबून धरायचीच नाही. टक, टक, टक, अशी बोटाच्या टोकाने ती गाडी थोडी थोडी वळवायची, आणि दुसरा हात अॅक्सिलरेटरच्या कळीवरून उठायचा नाही. पहिल्या फेरीत ती मुद्दाम बाहेरून जायची. आतली माती बाकीच्या गाड्यांना खणू द्यायची. तिसऱ्या फेरीत सगळ्या गाड्या त्या खणलेल्या जागेत धडपडत असताना हिची बाहेरची वाट तशीच शिल्लक असायची. आम्ही तिला फोनवर विचारलं, हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? जिथे सगळे जातात तिथली माती जाते, दिसतं की."

[दृश्य: नवी पेठ, संध्याकाळ.]

मग असा गेम मागे का पडला?

एक कारण तारखेचं. युरोपात तो आला सप्टेंबर 2007 च्या शेवटी. त्याच आठवड्यात एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावर हेलो 3 हा गोळीबाराचा गाजलेला गेम आला होता आणि जगभर दुसरं काही बोललंच जात नव्हतं. गाड्यांच्या गेमची तर त्या वर्षी रांगच लागली होती. फोर्झा 2 येऊन गेला होता, प्रोजेक्ट गॉथम रेसिंग 4 आणि नीड फॉर स्पीड प्रोस्ट्रीट दाराशी होते. चिखल खणणारा मोटरस्टॉर्मही होता, पण तो फक्त प्लेस्टेशन 3 या दुसऱ्या यंत्रावर. आणि खुद्द कोडमास्टर्सचा डर्ट त्याच उन्हाळ्यात आला होता, तोही रॅलीचाच. समीक्षकांनी सेगा रॅलीला बरं म्हटलं. तक्रार एकच होती: ट्रॅक कमी आहेत, लवकर संपतो. ती तक्रार खरी आहे. अण्णाच्या गटातलं कुणीही ती नाकारत नाही.

सोलापुरातली कारणं वेगळी. तेव्हा पोरं गेम खेळायची ती नेट कॅफेत. तिथल्या मशीनवर काउंटर-स्ट्राइक, व्हाइस सिटी, मोस्ट वाँटेड. सेगा रॅलीला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागायचं, ते कॅफेवाला कशाला टाकेल? अण्णाने मागाच्या कमाईतून जीफोर्स 8600 जीटी हे कार्ड घेतलं, तेव्हा कुठे हा गेम त्या खोलीत चालू झाला. म्हणजे शहरात हा गेम फार लोकांनी पाहिलाच नाही. नावडला असता तर गोष्ट वेगळी होती.

आणि भारनियमन. त्या वर्षांत वीज कधी जाईल ते ठरलेलं असायचं आणि नसायचंही. खालचे माग एकदम थांबले की वरच्यांना कळायचं. जुना यूपीएस पीं पीं करत जेमतेम तग धरायचा, आणि तेवढ्यात उरलेलं अर्धं वळण, शेवटची सरळ वाट आणि शेवटची रेषा गाठायची. कॉलेजात शिकवणारा मित्र सांगतो, त्यांचे सगळ्यांत वेगवान वेळ त्या मिनिटांतले आहेत.

[दृश्य: काळा पडदा, मग सॉलिहलचा नकाशा.]

एप्रिल 2008 मध्ये सेगाने स्टुडिओ बंद केला. गेम येऊन सात महिनेही झाले नव्हते. विक्री अपेक्षेएवढी झाली नाही, एवढं पुरेसं ठरलं. स्टुडिओतली माणसं त्याच महिन्यात कोडमास्टर्सने आपल्याकडे घेतली. वाइल्डे जिथून निघाला होता, तिथेच त्याचा चमू जाऊन पोचला. पुढे आर्केडवर सेगा रॅली 3 आला, 2011 मध्ये सुमो डिजिटल या स्टुडिओने त्यातूनच एक छोटा डाउनलोड गेम काढला आणि थोड्याच काळात तोही विक्रीतून गेला. 2007 चा मूळ गेमही आज डिजिटल दुकानांत मिळत नाही. ज्याच्याकडे डीव्हीडी आहे, त्याच्याकडे तो आहे.

याचा आम्हाला राग येतो आणि तो लपवायचं काही कारण नाही. बदलत्या मातीची कल्पना पुढे जगली, पण ती गेली ट्रकच्या गेमकडे. 2014 चा स्पिनटायर्स, मग मडरनर, मग स्नोरनर. तिथे चिखल अप्रतिम आहे. पण तिथे तुम्ही त्यातून सावकाश, गिअर बदलत, दोर बांधत बाहेर येता. त्याच चिखलात सहा गाड्या भरधाव सोडायचं धाडस सेगाच्या या लोकांनी 2007 सालच्या मशीनवर करून दाखवलं होतं. आजच्या मशीनवर काय करता आलं असतं, हा विचार अण्णाला गप्प बसू देत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये सेगाने आपले जुने गेम नव्याने आणायची घोषणा केली. क्रेझी टॅक्सी, जेट सेट रेडिओ, शिनोबी, गोल्डन अॅक्स, स्ट्रीट्स ऑफ रेज. पुण्याच्या मित्राने ती यादी ग्रुपवर टाकली. त्यात सेगा रॅली नव्हती. अण्णाने उत्तरात एवढंच लिहिलं: "मग आपलीच लावू."

[दृश्य: वरची खोली. सगळे जमलेत.]

तर संक्रांतीला, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेसाठी गावी आलेले सगळे या खोलीत बसणार आहेत. अक्काही हैदराबादहून येतेय. ट्रॅक एकच, लेकसाइड. प्रत्येकाने आपल्या पाळीला पूर्ण शर्यत खेळायची आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. कीबोर्ड की गेमपॅड, ज्याची त्याची मर्जी. शर्यतीआधी डांबराची तयारी घ्यायची की कच्च्या रस्त्याची, तेही ज्याचं त्याने ठरवायचं. नियम एकच आहे आणि तो अक्काने फोनवरून घालून दिलाय: पहिलं वळण चुकलं म्हणून शर्यत पुन्हा लावायची नाही, खणलेल्या रस्त्यावरूनच पुढे जायचं.