पान पलटून पाय : कपाशीच्या गावातली परसबाग

(दृश्य : ऑगस्ट सरत आलेला. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. कवेलूचं घर, मागे काटक्यांचं कुंपण. कुंपणापलीकडे नजर जाईल तिथवर कपाशी.)

पोळा तोंडावर आलाय. पावसानं मधे उघडीप दिली होती, आता आभाळ पुन्हा भरून आलंय. हवा दमट, वारा पडलेला. किडीला हवी तशीच ही हवा.

कुंपणाच्या अलीकडे वांग्याचे दोन वाफे आहेत. भेंडीच्या ओळी, थोडी भेदरं (म्हणजे टमाटे), मांडवावर दोडकी आणि कारली, कडेला अंबाडी आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर). या घरच्या सूनबाईनं यंदा पहिल्यांदाच भाजी लावली. बियाणं तालुक्याच्या बाजारातून आणलं, वाफे स्वतः ओढले, न्हाणीचं पाणी वळवून घेतलं. रोपं जोमानं वर आली. मग एका सकाळी भेंडीची पानं कडेनं वर वळलेली दिसली, पिवळट पडलेली. वांग्याचे दोन शेंडे माना टाकून होते.

(दृश्य : ओसरीवर टेकवलेला पाठीवरचा फवारणी पंप. वरच्या फळीवर अर्धी उरलेली बाटली.)

अशा वेळी हात आधी कुठं जातो, ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. घर कपाशीचं आहे. पंप ओसरीवरच आहे, औषध उरलेलं आहे, आणि घरातल्या कुणालाही पंप चालवता येतो. टोपणभर औषध, बादलीभर पाणी, पाच मिनिटांचं काम. या चित्रफितीला जे सांगायचंय ते इथंच सांगायचंय. ती बाटली घरामागच्या भाजीवर नको. एकदाही नको.

हे आम्ही यवतमाळात उभं राहून सांगतोय. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेली होती आणि फवारा थेट तोंडावर, अंगावर येत होता. ज्या घरांनी ते पाहिलं, त्यांना औषधाचं भय शिकवायची गरज नाही. पण भाजीवर थोडंसं मारलं तर काय होतंय, असं त्या घरांतही ऐकू येतं.

होतं ते असं. कपाशीची औषधं कपाशीसाठी आहेत. मोनोक्रोटोफॉसचंच घ्या. भाजीपाल्यावर ते वापरायला देशात २००५ सालीच बंदी आली. बाटलीवरचा त्रिकोण पाहायची सवय प्रत्येक घराला हवी. लाल त्रिकोण सगळ्यांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. आणि हिरव्या त्रिकोणाचं औषध झालं तरी फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. शेतकरी बाजारासाठी भाजी लावतो तेव्हा ते दिवस मोजता येतात. घरामागची भेंडी मात्र दिवसाआड तोडली जाते, लेकरू येता-जाता कच्चं भेदर तोंडात टाकतं. इथं ते दिवस कोण मोजणार?

(दृश्य : सूनबाई वाफ्यात उकिडवी बसलेली. मागे सासूबाई, हातात विळा.)

सासूबाईंनी पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वाफ्याशी आल्या आणि म्हणाल्या, “वरून काय पायतं वं? पान पलटून पाय.” इकडच्या बोलीत ‘पाय’ म्हणजे पाहा.

शिकायला सुरुवात इथूनच होते. भेंडीचं पान उलटलं की खाली बारके, फिकट हिरवे जीव दिसतात आणि बोट जवळ नेलं की तिरपे पळतात. हे तुडतुडे. पानातला रस ओढतात, म्हणून कडा वळतात, पिवळ्या पडतात, पुढे लालसर होऊन जळल्यागत दिसतात. रोप हलवलं की पांढरी धूळ उडाल्यागत जे उठतं ती पांढरी माशी. कोवळ्या शेंड्यावर दाटीनं बसलेला, हिरवा-काळा, जागचा न हलणारा तो मावा.

हे सगळे आले कुठून? कुंपणापलीकडून. भेंडी, अंबाडी आणि कपाशी, तिन्ही एकाच कुळातल्या. कपाशीवरचे तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण या तिघांना भेंडी परकी नाही. ठिपक्यांची बोंडअळी भेंडीचं फळही पोखरते. वावरात फवारणी झाली की तिथले उडते किडे आसपास पसरतात, आणि सगळ्यांत जवळ असते ती आपली बाग. म्हणून विदर्भात परसबाग करणाऱ्यानं मनाशी पक्कं धरावं की कीड येणारच. तिला साफ संपवणं आपल्या हातात नाही. तिला आटोक्यात ठेवणं मात्र नक्की आहे, कारण बाग लहान आहे. चार एकर कपाशीची पानं कुणी उलटून पाहू शकत नाही, पण भेंडीच्या दोन ओळी रोज सकाळी पाहता येतात.

सासूबाईंची दुसरी खूण मुंग्यांची. “मुंगळे काहून चढून रायले, ते पाय पयले.” मावा गोड, चिकट रस सोडतो आणि त्यासाठी मुंग्या त्याच्या मागं येतात, त्याची राखणही करतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे, असं समजायचं. तो चिकटा पानावर साचला की त्यावर काळी बुरशी धरते. उपाय सोपा आहे. माव्यानं गच्च भरलेला शेंडा खुडून टाकायचा. बाकीच्यावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारायचा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट पांढरा थर असतो, त्याला पाणी लागत नाही. तो साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून काढावा लागतो.

(दृश्य : शेंड्याजवळून. माव्याच्या दाटीत एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची लांबट अळी.)

आणि इथं हात आवरायचा. ही अळी दिसायला भयंकर आहे. नवा माणूस पहिल्यांदा हिलाच चिरडतो. पण ही ढालकिड्याची पिल्लं, आणि त्यांचं खाणं म्हणजे मावा. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, चकचकीत ढालकिडा मोठेपणीही तेच खातो. ज्या शेंड्यावर ही अळी फिरतेय तो शेंडा खुडू नये, धुऊ नये. चार दिवस थांबावं आणि पुन्हा पाहावं. केसाएवढ्या देठावर टांगलेली पांढरी अंडी दिसली तर तीही जपायची. ती क्रायसोपा नावाच्या मित्रकिड्याची, आणि त्याची अळीही मावा खाणारीच.

घोळ होतो तो हड्डा भुंगेऱ्यामुळे. तोही ढालकिड्याच्याच घराण्यातला, तसाच गोल आणि ठिपकेदार. पण हा पाला खातो. ओळखायचं कसं? ढालकिड्याची पाठ चकाकते, ठिपके थोडे असतात, आणि तो माव्याच्या आसपास सापडतो. हड्ड्याची पाठ मंद तांबूस, अंगावर बारीक लव, ठिपके भरपूर. अळी पिवळी, काटेरी. वांग्याचं किंवा कारल्याचं पान खरवडून खरवडून त्यानं चाळणीसारखं केलेलं असतं. हड्डा सकाळच्या गारव्यात सुस्त असतो. तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा. पानाखाली त्याच्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका असतो, तेवढा पानाचा तुकडाच तोडून घ्यावा.

(दृश्य : वांग्याचा मान टाकलेला शेंडा. विळ्यानं कापून उभा चिरलेला. आत गुलाबीसर अळी.)

आता वांगं. लग्नाच्या पंगतीतली आलू-वांग्याची भाजी इथं मानाची, म्हणून वांगं गेलं की घर हळहळतं. वांग्याचा खरा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. पतंग रात्री येतो, पानाखाली, कळीवर सुटी सुटी अंडी घालतो. अळी निघाली की लगेच कोवळ्या शेंड्यात शिरते आणि आतून खात जाते. शेंडा उन्हात मान टाकतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते पाणी देत राहतात. फळं लागली की हीच अळी फळात शिरते. शिरताना पाडलेलं भोक इतकं बारीक असतं की ते बुजून जातं. आपल्याला दिसतं ते मोठं भोक बहुधा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणजे आपण भोक पाहून फवारायला निघतो तेव्हा अळी जमिनीवरच्या पाल्यापाचोळ्यात कोष करायला गेलेली असते. आत असते तेव्हा फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि बाहेर आल्यावर ती झाडावर नसते.

या एका अळीपायी देशात मोठा वाद झाला. बीटी वांगं, म्हणजे जनुक बदलून तयार केलेलं वांगं, आलं ते हिच्याचसाठी. २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपुरात होती. त्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं बीटी वांग्याला स्थगिती दिली. तो वाद मोठ्या शेतीचा. घरामागच्या वाफ्याला विळा पुरतो.

मान टाकलेला शेंडा दिसला की कोमेजलेल्या भागाच्या खाली दोन बोटं कापायचा. दर आठवड्याला, न चुकता. झाडाला खालून नवे फुटवे येतात, त्याचं काही बिघडत नाही. कापलेला शेंडा आणि किडकं वांगं उकिरड्यावर मात्र टाकायचं नाही. तिथं अळी आरामात कोष करते आणि पतंग होऊन परत येते. साबणाच्या पाण्यात बुडवा नाहीतर खोल पुरा. झाडाखालचा पाला झाडून घ्या. ज्यांच्याकडे वाफे जास्त आहेत त्यांनी कृषी केंद्रातून या अळीचा कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नराला ओढणारा सापळा, आणावा. तो नर पतंग पकडतो आणि पतंग वाढलेत की नाही तेही कळतं. पण विळ्याचं काम त्यानं सुटत नाही.

(दृश्य : मांडवावरची कोवळी कारली, कागदाच्या पुड्यांत गुंडाळलेली.)

कारली, दोडकी वाकडी होऊन पिवळी पडायला लागली, कापली की आत पांढऱ्या अळ्या वळवळल्या, तर ती फळमाशी. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. फळ धरलं की लगेच त्याला कागदाची पुडी नाहीतर जुन्या लुगड्याच्या फडक्याची पिशवी घालावी. किडलेलं फळ वेलावर ठेवू नये, खालीही पडू देऊ नये, कारण अळी मातीत उतरून कोष करते. लहान वेलांवर लाल भुंगेरे आले तर सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख धुरळावी.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडून सगळं पान जाळीदार झालं तर मात्र उपाय नाही. तो विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते. निंबोळीनं जात नाही, कशानंच जात नाही. ते झाड मुळासकट उपटावं. जीव तुटतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण एक झाड ठेवलं तर ओळ जाते. पुढच्या वेळी परभणी क्रांतीसारखं वाण विचारून घ्यावं, ते या रोगासमोर टिकावं म्हणूनच तयार केलेलं आहे. पांढऱ्या माशीसाठी पिवळा रंग कामी येतो. तेलाच्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवून, त्यावर एरंडीचं तेल फासून झाडाच्या उंचीला टांगायचा, माशी त्यावर येऊन चिकटते.

आणि युरिया. वावरातून उरलेला मूठभर युरिया भाजीला देण्याचा मोह होतो. झाड तरारतं, पण पानं लुसलुशीत, कोवळी राहतात आणि मावा, तुडतुडे त्यावरच तुटून पडतात. शेणखत पुरे.

(दृश्य : पाट्यावर ठेचल्या जाणाऱ्या वाळक्या निंबोळ्या. पांढरट दुधी पाणी.)

एवढं करूनही कीड चढतच राहिली तर निंबोळी अर्क. प्रमाण पाच टक्के, म्हणजे एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड. भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळायची, पाणी एक लिटर करायचं, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा. त्याच दिवशी वापरायचा. ऊन उतरल्यावर फवारायचा, कारण उन्हानं त्यातला गुण जातो आणि तोवर मधमाश्याही पोळ्यात परतलेल्या असतात. कपाशीचा पंप कितीही धुतला तरी यासाठी नको. हातातला लहान पंप वेगळा ठेवा.

निंबोळीनं किडे टपाटप मरून पडत नाहीत. किड्याचं खाणं तुटतं, अळीला नीट कात टाकता येत नाही, वाढ थांबते. दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या तशाच बसलेल्या दिसतात आणि नवा माणूस निराश होऊन बाटलीकडे वळतो. चार-पाच दिवस धीर धरावा. बेलोऱ्याचे, अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांच्यामुळे नीमास्त्र, दशपर्णी ही झाडपाल्याच्या घरगुती औषधांची नावं गावोगाव पोचली. वावरासाठी ती करावीत. दोन वाफ्यांना निंबोळी भागवते.

या घरात यंदा शेजारणीकडून ओंजळभर निंबोळ्या आल्या. मृग-आषाढात कडूनिंबाखाली सडा पडतो, तेव्हा वेचायच्या, गर धुऊन सावलीत वाळवायच्या, गोणपाटात ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पुढच्या वर्षी आपल्याच वेचायच्या, असं सूनबाईनं ठरवलंय. उन्हाळ्यात वाफे रिकामे झाले की माती उलटून उन्हात तापवायची आणि कोंबड्या आत सोडायच्या. मातीतले कोष त्या उकरून खातात.

दसऱ्यानंतर वांगी निघाली की त्या वाफ्यात भेदरं लावायचा तिचा विचार होता. सासूबाईंनी नको म्हटलं, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही एकाच कुळातली, एकाची कीड दुसऱ्याला. तिथं मेथी आणि पालक पडणार आहे. वांगं पुढल्या मृगाला, मांडवापलीकडच्या कोपऱ्यात.