पुरुषांचा स्तनाचा कॅन्सर : गोळी सुरू झाल्यानंतरची वर्षं

(पडद्यावर : गोळ्यांचं पाकीट. त्यातून बाहेर काढून उलगडलेलं, बारीक अक्षरांचं माहितीपत्रक.)

या माहितीपत्रकात मासिक पाळीबद्दल लिहिलं आहे. गर्भाशयाच्या अस्तराबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल, गरोदरपणाबद्दल लिहिलं आहे. गोळीचं नाव टॅमॉक्सिफेन. आणि हे पत्रक ज्याच्या हातात आहे, तो पुरुष आहे. त्याची शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. काहींची केमोथेरपी आणि रेडिएशनही उरकलेलं असतं. भेटायला येणारे "सुटलास एकदाचा" म्हणतात. नेमकी त्याच सुमाराला ही गोळी सुरू होते. रोज २० मिलिग्रॅम, निदान पाच वर्षं.

शस्त्रक्रियेबद्दल पुरुष बोलतात. व्रण दाखवतातसुद्धा. पण या गोळीमुळे अंगात जे सुरू होतं, त्याबद्दल फार थोडे बोलतात. त्यातले काही जण तर कुणालाही न सांगता गोळी घेणंच सोडून देतात. ही फिल्म त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

आधी थोडं समजून घेऊ. स्तनाचा कॅन्सर झालेल्या दर १०० माणसांत एखादाही पुरुष सापडणं कठीण, इतकं हे प्रमाण कमी आहे. तरी पुरुषाच्या स्तनाग्रामागे थोडी स्तनाची ऊती असतेच, आणि स्त्रियांचं म्हणून ओळखलं जाणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन पुरुषाच्या शरीरातही असतं. त्यातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासूनच बनतं. चरबीत आणि इतर ठिकाणी अरोमाटेज नावाचं एन्झाइम हे रूपांतर करत असतं. पुरुषांच्या स्तनाच्या कॅन्सरपैकी दहातले साधारण नऊ या इस्ट्रोजेनवर पोसले जातात. पेशीत ज्या जागी इस्ट्रोजेन चिकटतं, तिथे टॅमॉक्सिफेन आधीच जाऊन बसतं. मग इस्ट्रोजेनला शिरायला वाव राहत नाही.

हे औषध १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी बनवलं. शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. त्या कामी ते उपयोगी पडलं नाही, पण १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे हजारो स्त्रियांवरच्या चाचण्यांतून दिसलं, की हार्मोनवर पोसल्या जाणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं, तर पुढच्या पंधरा वर्षांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पुरुषांवर इतक्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा पुरुषांनाही फायदा झालेला दिसला, आणि त्याच आधारावर आज जगभर पुरुषांना हे औषध दिलं जातं. म्हणून ही गोळी महत्त्वाची आहे. ती घेणं सोपं आहे, असं मात्र कुणी समजू नये.

(पडद्यावर : रात्र. पंखा फिरतो आहे. पलंगावर एकच बाजू चुरगळलेली.)

पहिल्या काही आठवड्यांतच बऱ्याच जणांना गरम वाफा यायला लागतात. छातीतून उष्णता उसळते, मान आणि चेहरा तापतो, घामाची धार लागते, आणि पाच-दहा मिनिटांत अंग गार पडून थंडी वाजते. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो, आणि त्याला इस्ट्रोजेनचा संदेश लागतो. तो संदेश अडला, की तापमानातला किरकोळ चढही त्याला मोठा वाटतो आणि अंग थंड करायची सगळी यंत्रणा तो एकदम सुरू करतो. पाळी जाण्याच्या वयात स्त्रियांच्या शरीरात हेच घडतं. बाईला हे झालं तर घरात निदान एखादी मोठी बाई "होतं गं असं" म्हणून सांगते. पुरुषाला असं सांगणारं कुणी नसतं. चारचौघांत, मीटिंगमध्ये शर्ट ओला झाला, तर तो उठून बाहेर जातो आणि परत येऊन काहीतरी कारण सांगतो.

पण हाच त्रास भोगणारा पुरुषांचा एक खूप मोठा गट जगात आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन थेरपी घेणाऱ्या पुरुषांनाही अशाच वाफा येतात. ब्रिटनमध्ये त्यांच्यावर एक चाचणी झाली. विचार आणि श्वास यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत, म्हणजे सीबीटी, त्यांना शिकवली गेली. सहा आठवड्यांनी त्या पुरुषांना वाफांचा जाच कमी वाटू लागला होता. वाफ येतेय असं जाणवताच श्वास संथ करायचा, आणि "सगळे माझ्याकडेच बघताहेत" हा विचार वेळीच पकडायचा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. सुती, सैल, थरांचे कपडे घालावेत. दारू, फार तिखट जेवण, फार गरम पेयं यांनी वाफा वाढतात का, हे ज्याने त्याने आपल्यापुरतं तपासून पाहावं. गोळी सकाळी घ्यायची की रात्री, हेही डॉक्टरांना विचारून बदलून बघता येतं. एवढ्यानेही भागलं नाही, तर औषधं आहेत. वेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं वाफांसाठी दिली जातात. ऑक्सिब्युटिनिनही देतात. मात्र वय झालेल्या पुरुषाला त्याने लघवी अडण्याचा किंवा विसरण्याचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे तिथे जपून.

आता ज्या विषयावर सगळेच गप्प राहतात, तो विषय.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या अनेक पुरुषांची लैंगिक इच्छा कमी होते. काहींना ताठरता येत नाही, किंवा टिकत नाही. आपलं टेस्टोस्टेरॉन संपलं, असं त्यांना वाटतं. रक्त तपासलं तर बहुतेकदा ते व्यवस्थित असतं. टॅमॉक्सिफेनमुळे काहींचं थोडं वाढलेलंही दिसतं. मग अडतं कुठे? २०१३ मध्ये अमेरिकेत निरोगी पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पुरुषाची इच्छा आणि ताठरता यांना टेस्टोस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेनचीही गरज असते. म्हणजे गोळी जे काम करते आहे, त्याचाच हा दुसरा परिणाम. कुणाच्या पुरुषत्वाचा किंवा बायकोवरच्या प्रेमाचा इथे संबंध नाही. तरी रात्री पाठ फिरवून झोपणाऱ्या नवऱ्याला हे माहीत नसतं, आणि त्याच्या शेजारी जागी असलेल्या बायकोलाही. ती समजते, की आजारपणात आपण नकोशा झालो. तो समजतो, की आपण आता कामाचे राहिलो नाही. दोघंही चूक असतात, आणि दोघंही महिनोन्‌महिने त्यावर एक अक्षर बोलत नाहीत. मला या सगळ्या विषयातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते, कारण ही कोंडी एका बैठकीत फुटू शकते.

इथे एक धोका नीट ऐकून ठेवा. ताकद वाढवणारी म्हणून जी इंजेक्शनं, जेल किंवा पावडरी मिळतात, त्यांत टेस्टोस्टेरॉन किंवा त्यासारखं काही असू शकतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या पुरुषाने ते घ्यायचं नाही. घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचं शरीरात पुन्हा इस्ट्रोजेन होतं, आणि ज्याला उपाशी ठेवायचं त्यालाच आपण खाऊ घालतो. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो आणि टॅमॉक्सिफेन चालू असतानाही त्या घेता येतात. पण हृदयासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील, तर अजिबात नाही. त्याने रक्तदाब एकदम कोसळतो. तेव्हा ही गोळीसुद्धा डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायची. ज्यांना पुढे मूल हवं आहे, त्यांनी टॅमॉक्सिफेन सुरू होण्याआधीच शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी विचारावं. गोळी चालू असताना गर्भधारणा होऊ नये, याचीही काळजी घ्यायची असते.

मनावरही परिणाम होतो. चिडचिड वाढते, झोप तुटते, काही जणांना खोल उदासीनता येते. घरातले म्हणतात, "इतका बरा झालास, आता काय रडतोस?" हे वाक्य फार लागतं. उदासीनतेवर औषध जरूर घ्यावं, पण ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला टॅमॉक्सिफेनबद्दल सांगूनच. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम टॅमॉक्सिफेनपासून त्याचं खरं प्रभावी रूप तयार करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही मनाच्या आजारांसाठी सर्रास दिली जाणारी औषधं त्या एन्झाइमलाच रोखतात. त्यांच्याऐवजी देता येतील अशी इतर औषधं आहेत. उदासीनता आणि गरम वाफा दोन्ही असतील, तर वेन्लाफॅक्सिनचा दोन्हीकडे उपयोग होऊ शकतो.

वजन वाढतं, थकवा येतो, पायात गोळे येतात. या तिन्हींसाठी नियमित चालणं आणि थोडा ताकदीचा व्यायाम उपयोगी पडतो. थकव्यावर तर विश्रांतीपेक्षा हालचालच जास्त गुणकारी ठरते. नजर धूसर झाली तर डोळे तपासून घ्यावेत, कारण या औषधाने मोतीबिंदूची शक्यता थोडी वाढते.

(पडद्यावर मोठ्या अक्षरात : एका पायाची पोटरी सुजली, दुखते, लाल झाली. अचानक धाप लागली. छातीत दुखतं. खोकल्यातून रक्त पडलं. यांपैकी काहीही झालं तर ताबडतोब रुग्णालय.)

टॅमॉक्सिफेनने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जीवावर बेतू शकतं. लांबच्या प्रवासात मधेमधे उठून चाला, पाणी पीत राहा. दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, तर ही गोळी चालू असल्याचं त्या सर्जनला आधी सांगा. पूर्वी कधी गुठळी झाली असेल, तर हे औषध सुरू करण्याआधीच बोला.

आता गोळी बंद करणाऱ्यांविषयी. टेक्सासमधल्या एका कॅन्सर केंद्रात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या ६४ पुरुषांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त जणांना काही ना काही त्रास झाला होता. त्यात वजन वाढणं आणि लैंगिक अडचणी सर्वांत पुढे. दर पाचांतल्या एकाने त्रासापायी औषध सोडलं होतं. मी त्या एकाला दोष देणार नाही. त्याने काय सहन केलं, ते त्यालाच माहीत. पण तो परस्पर थांबतो, तेव्हा डॉक्टरांकडे असलेले बाकीचे मार्गही त्याच्यापुरते बंद होतात.

मार्ग आहेत. त्रास कशाचा हे नक्की करण्यासाठी डॉक्टर कधी कधी गोळी काही आठवडे थांबवून पुन्हा सुरू करतात. टॅमॉक्सिफेन चालणारच नसेल, तर इस्ट्रोजेन बनणंच थांबवणारी औषधं आहेत. पुरुषांमध्ये ती एकटी पुरेशी पडत नाहीत. इस्ट्रोजेन घटलं, की मेंदू वृषणांना आणखी काम करायला सांगतो, टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि त्याचं पुन्हा इस्ट्रोजेन होऊ लागतं. म्हणून सोबत वृषणांना शांत करणारं इंजेक्शन देतात. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. मात्र या इंजेक्शनने लैंगिक त्रास आणखी वाढतो आणि हाडंही विरळ होऊ शकतात. हे दुष्परिणाम माहीत करून घेऊनच हा बदल करायचा.

पुरुषांविषयी इतकं कमी माहीत असण्याचं कारण असं, की या कॅन्सरच्या औषधांच्या अनेक चाचण्यांत त्यांना प्रवेशच नव्हता. जर्मनीतल्या एका चाचणीने फक्त पुरुष घेतले. तीत होते ५६ जण. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये कंपन्यांना सांगितलं, की चाचण्यांत पुरुषांनाही घ्या. एडवर्ड ब्रूक हे अमेरिकी सिनेटचे माजी सदस्य. वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यांना हा आजार झाला, आणि त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. अशा प्रत्येक माणसामुळे पुढच्याचं बोलणं सोपं होतं.

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती : तुम्ही विचारा. "काही त्रास?" एवढं पुरत नाही, त्याला पुरुष "नाही" म्हणतो. झोपेबद्दल, वाफांबद्दल, पतिपत्नीच्या संबंधांबद्दल नाव घेऊन विचारा.

आणि ज्याला पहिलं वाक्य जमत नाही, त्याने ते कागदावर लिहून न्यावं. वाफा दिवसातून किती वेळा येतात. रात्री किती वेळा जाग येते. "गोळी सुरू झाल्यापासून माझ्या इच्छेत फरक पडलाय." "मी मागच्या महिन्यात काही गोळ्या घेतल्या नाहीत." बोलणं अगदीच अशक्य वाटलं, तर तो कागद तसाच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावा. ते वाचतील, आणि पुढचे प्रश्न तेच विचारतील.