बुधवारची फुलं

(पडदा काळा. पानांवरून दव टपकल्याचा आवाज.)

पहाटेचे साडेतीन. वसईत गासजवळची एक वाडी. डोक्याला बॅटरी बांधून एक बाई जास्वंदीच्या ओळीत उभ्या आहेत. उजेड पडतो तेवढीच पानं दिसतात, बाकी सगळा काळोख. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. या फिल्मभर त्या मावशीच राहतील.

कळी उमलायच्या आत खुडावी लागते. मावशी देठाला नख लावतात आणि कळी अलगद ओच्यात टाकतात. बोटं दवाने ओली होतात, ती पदराला पुसतात आणि पुढच्या फांदीकडे वळतात. ओठ सारखे हलत असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्या कळ्या मोजताहेत. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन ऐकलं, तर ती रोजरी होती, जपमाळेची प्रार्थना. ‘नमो मरिया’ एकदा म्हणून होईपर्यंत पाच कळ्या. दहा वेळा म्हटलं की एक दशक, पन्नास कळ्या. दोन दशकं झाली की एक शेकडा भरला.

“मग मोजताय की प्रार्थना करताय?” मी विचारलं.

“दोन्ही एकदमच होतं रे बाबा,” मावशी म्हणाल्या, “वेगवेगळं करायला वेळ कुठे आहे?”

(टोपलीचं जवळून दृश्य.)

टोपलीच्या तळाला केळीचं पान, त्यावर ओलं फडकं, फडक्यात कळ्या, पुन्हा वर पान. बांधायला केळीचं सोपट, आदल्या रात्री पाण्यात भिजवून मऊ केलेलं. जास्वंदीशेजारी तगरीची छोटी पुडी. अंगणातल्या क्रुसासमोर पणती तेवते आहे. मावशी निघताना तिथे क्षणभर थांबतात, टोपलीतली एक कळी क्रुसापाशी ठेवतात आणि रिक्षात बसतात.

लोकलचा लगेज डबा. बाजूला भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन, कोळणींच्या टोपल्या. कुणी कुणाला जात विचारत नाही, धर्म तर नाहीच. फक्त “जरा सरकून घ्या” एवढंच बोलणं. दादर येईस्तोवर आभाळ फटफटतं.

दादर पश्चिमेचा फुलबाजार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण हा बुधवार साधा नव्हता. २०२४ साली मार्गशीर्ष २ डिसेंबरला लागला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घराघरात महालक्ष्मीचा घट बसतो, त्यामुळे बुधवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पाच झाडांच्या डहाळ्या, वेण्या, हार, सुटी फुलं. नऊवारीतल्या आजी येतात, कामावर निघालेल्या मुली पाठीला बॅग अडकवून येतात. त्या मावशींच्या कळ्या हातात घेऊन बघतात, भाव करतात, पिशवीत टाकतात. या कळ्या रोजरीच्या लयीत खुडलेल्या आहेत, हे त्यांना ठाऊक नसतं. त्या लक्ष्मीच्या पाटापाशी जाणार, हे मात्र मावशींना पक्कं ठाऊक असतं.

आता याच्या शेजारी दुसरी एक तारीख ठेवतो. त्याच वर्षी १ डिसेंबरला, म्हणजे मार्गशीर्ष लागायच्या आदल्याच दिवशी, चर्चमध्ये आगमनकाळ सुरू झाला. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, वाट पाहण्याचे दिवस. धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो. ‘ग्लोरिया’, म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, गायलं जात नाही. वेदीवर फुलंही बेताचीच ठेवायची, असा चर्चचा नियम आहे. बाळ अजून यायचंय, उत्सव आधीच कसा करायचा?

म्हणजे बघा. ज्या दिवसांत मावशींच्या स्वतःच्या वेदीवर फुलं कमी असतात, त्याच दिवसांत त्यांची वाडी दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यासाठी फुलत असते. मला हे सुचायला तीन आठवडे लागले. मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “त्यात काय नवीन? माझी सासूसुद्धा हेच करायची.”

(वसईचं आकाशातून दृश्य : नारळी, केळीच्या बागा, मधूनच इमारतींचे ठोकळे.)

वसई. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिला. इथला ख्रिस्ती धर्म त्या काळातला. तो इतिहास गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. त्या काळात इथली देवळं पडली, माणसांवर जबरदस्ती झाली. पण त्याच मातीत, एका वसईकर आईच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मले. ते व्यापारासाठी जपानला गेले, पुढे फ्रान्सिस्कन या संन्यस्त संघाचे बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ साली रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. गासचं चर्च त्यांच्याच नावाचं.

‘वसईचे ख्रिस्ती’ असं आपण एका दमात म्हणून टाकतो, पण वाडीवाडीत फिरलं की हा शब्द सुटा होत जातो. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, कादोडी नावाची बोली बोलतात. वाडवळांची वाडवळी वेगळी. किनाऱ्यावरच्या कोळ्यांची बोली आणखी निराळी. लग्नातली गाणी वेगळी, बायकांची लुगडी वेगळी, आणि जुन्या काळी सोयरीकही आपापल्यातच व्हायची. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांमध्येही भिंती होत्या, हे इथली वडीलधारी माणसं मोकळेपणाने कबूल करतात.

आणि दुसरीकडे एक गंमत आहे. कुपारी ख्रिस्ती ज्या बोलीत आईला हाक मारतो, त्याच बोलीत शेजारचा सामवेदी ब्राह्मणही हाक मारतो. वाडवळांचंही तसंच. देव्हारे दोन आणि अंगाई एकच. माझ्या मते वसई समजून घ्यायची असेल तर चर्चच्या दारापासून सुरुवात करू नये, पाळण्यापासून करावी.

(मोगऱ्याचं फूल. मागे एकतारी.)

फुलांवरून आठवलं. १५७९ साली एक इंग्रज तरुण गोव्याला पोचला, थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मप्रचारक. गोव्यातल्या साष्टीत राहिला, इथल्या भाषा शिकला, आणि १६१६ साली तिथल्याच रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. येशूची सगळी कथा त्याने ओवीत सांगितली, दहा हजारांहून अधिक ओव्यांमध्ये. सुरुवातीला त्याने मराठीची थोरवी गायली आहे. उपमा कुठून आणली? स्वतःच्या देशातला गुलाब त्याला आठवला असता तर ते साहजिकच होतं. त्याने मोगरा निवडला. फुलांमध्ये जशी मोगरी, तशी भाषांमध्ये मराठी, असं तो लिहून गेला. ज्याला शुभवार्ता सांगायची आहे, त्याच्या अंगणातलं फूल आधी हुंगावं लागतं, हे त्याला कळलं होतं.

वसईच्या चर्चमध्ये मात्र मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, मराठीत यायला पुढे साडेतीनशे वर्षं लागली. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली आणि लॅटिनच्या जागी लोकभाषा आली. मावशींना लहानपणीची लॅटिन मिस्सा अंधुक आठवते. “आई ती पाठ म्हणायची, अर्थ माहीत नसायचा,” त्या सांगतात. “मराठीत आली तेव्हा आई रडली होती. म्हणाली, आता देवाला माझं कळेल. मी म्हटलं, त्याला आधीपण कळत होतं, आता तुला त्याचं कळेल.”

(घंटेचा एक टोल. पडद्यावर नदीचा घाट.)

हा टोल वसईतला नाही. हा आहे वाईजवळच्या मेणवलीतला. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, घाटावर देवळं, आणि एका छोट्या घुमटीत ही पंचधातूची घंटा.

कॅमेरा जवळ नेतो. धातूवर वर्ष आहे : १७०७. त्याच्याजवळ उठावाचं एक चित्र. एक आई, कडेवर मूल. ही मरिया आहे आणि ते बाळ येशू.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. त्या लढाईत दोन्ही बाजूंची माणसं फार मेली. मग चर्चमधल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या गेल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात अशीच एक आहे, १७२१ सालची, पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. भीमाशंकरलाही आहे.

लूट ती लूटच. तिला मी दुसरं नाव देणार नाही. त्याआधी पडलेली देवळं पडलेलीच होती, तेही विसरणार नाही. पण आम्ही मेणवलीत दिवसभर कॅमेरा लावून बसलो आणि जे दिसलं ते तुम्हालाही दाखवतो.

दुपारी एक बाई आल्या, बरोबर चारपाच वर्षांचा नातू. घंटेकडे बोट करून तो म्हणाला, “आजी, हे कोण?” आजी वाकल्या, बघितलं. “आई आहे रे. बाळाला घेतलंय.” त्याला उचलून त्यांनी वर धरलं. त्याने त्या उठावावर तळवा ठेवला आणि बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दोघं पायऱ्या उतरून नदीकडे गेली.

एवढंच घडलं. आजींनी नाव विचारलं नाही, आम्हीही सांगायला पुढे झालो नाही. त्यांनी जे सांगितलं, त्यात चूक काही नव्हती. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा एका वाक्यात सांग म्हटलं तर मी तरी दुसरं काय सांगणार? देव माणसाच्या कडेवर बसण्याएवढा लहान झाला.

(निर्मळ. जत्रेतले दिवे.)

वसईला परत येऊ. निर्मळला शंकराचार्यांचं समाधी मंदिर आहे आणि त्याच गावात होली क्रॉस चर्च. कार्तिक वद्य एकादशीला जत्रा भरते. जत्रेत सुकेळी मिळतात : राजेळी केळी सोलून, उन्हात दिवसचे दिवस वाळवलेली, मधाच्या रंगाची. वाळवणारे हात हिंदूही असतात, ख्रिस्तीही. चव सारखीच.

हे सगळं टिकेल का, ही भीती मात्र खरी आहे. ज्या वाडीत आपण पहाटे उभे होतो, तिच्या तिन्ही बाजूंना इमारती आल्या आहेत. विहिरींचं पाणी खाली गेलं, कुठे कुठे खारट झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांत नुसते चर्चला जाणारे नव्हते. विहीर आटते तेव्हा ती कुणाची प्रार्थना ऐकून आटत नाही. हेच दिब्रिटो बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं खपले आणि २०२० साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरूने अध्यक्ष व्हावं का, यावर तेव्हा वादही झाला. जुलै २०२४ मध्ये ते गेले. मावशी त्यांच्या अंत्यदर्शनाला गेल्या होत्या. काय नेलंत, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. फुलंच, आणखी काय नेणार?

(२४ डिसेंबरची रात्र. चर्चसमोरचा गोठा.)

गोठा मुलांनी बांधला आहे. छपराला याच हंगामातला भाताचा पेंढा, मागे केळीची खुंटं, एका कडेला छोटी विहीर आणि तिच्यावर रहाट. बेथलेहेममध्ये केळी होत्या का, असं कुणी विचारत नाही. मेंढपाळाच्या डोक्याला मुंडासं आहे. वर बांबूच्या कामट्यांचा तारा. दिवाळीत आकाशकंदील ज्या हातांनी केले, त्याच हातांनी हाही केला.

आज वेदी फुलांनी भरली आहे. चार रविवारांचा उपास सुटला. मावशींनी आजची टोपली दादरला नेली नाही. तगरीच्या माळा वेदीच्या पायरीवर आहेत, जास्वंदीच्या कळ्या गोठ्याभोवती. मध्यरात्री ‘ग्लोरिया’ सुरू झालं आणि घंटा वाजायला लागल्या. मावशी गात होत्या. हातावर हिरवे डाग तसेच होते.

मिस्सा संपली. लोक एकमेकांना भेटले, पोरं केकच्या मागे धावली. आम्ही सामान आवरत होतो. मावशी लेकीला काहीतरी सांगून झपाझप घराकडे निघाल्या. मी मागून गेलो.

“आता झोपणार ना, मावशी?”

“झोपते कसली! आज बुधवार उजाडला. उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. बायका वाट बघत असतील.”

नाताळची साडी बदलून त्या बाहेर आल्या. पायात रबरी चपला, कपाळाला बॅटरी. अंगणातल्या क्रुसासमोरची पणती विझली होती, ती पुन्हा लावली. मग जास्वंदीच्या पहिल्या ओळीत शिरल्या.

नमो मरिया. पाच कळ्या.

नमो मरिया. दहा.