धरमपेठेतला पर्शियाचा राजपुत्र

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘नागपूरच्या आठवणी’ असं छापलंय, म्हणजे निम्म्या लोकांनी सावजी, तर्री-पोहे आणि संत्रा बर्फी ऐकायची तयारी ठेवली असणार. ते आपण जेवणाच्या रांगेत बोलू. मला बोलायचंय ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेमबद्दल. समितीतल्या एका काकांनी काळजीने विचारलं, “हा विषय मंडळात चालेल ना?” मी म्हटलं, काका, चालेल की नाही ते माहीत नाही, पण पळेल नक्की.

नव्वदच्या दशकातला नागपूरचा मे महिना आठवा. पारा पंचेचाळीसच्या आसपास, खिडकीत कूलर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोट्ट्यांनी दुपारी करायचं काय? तर धरमपेठेत एक कॉम्प्युटर क्लास होता. घरच्यांनी फी भरली डॉस, वर्डस्टार आणि लोटस ही तेव्हाची कॉम्प्युटर-विद्या शिकायला. आम्ही गेलो एसीसाठी. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायच्या, आणि आत ती गार फरशी पायाला लागली की वर्डस्टारसुद्धा गोड वाटायचं. सरांचा तास संपला, सर चहाला गेले, की कोपऱ्यातल्या मशीनवर कोणीतरी ‘प्रिन्स’ टाइप करायचं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुलतान मोहिमेवर गेलाय, वजीर जाफरने राजकन्येला कोंडलंय. तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तुम्ही तळघरातल्या कैदेत. बारा पातळ्या, साठ मिनिटं. मेलात तर ती पातळी पुन्हा सुरू करता येते, पण घड्याळ मागे जात नाही. तुमच्या चुकीची मिनिटं गेली ती गेली. एवढा कडक हिशेब आम्हाला तोवर फक्त गणिताच्या पेपरात भेटला होता.

आणि हा खेळ एकट्याचा होता असं कागदावरच. प्रत्यक्षात एकाचा हात कीबोर्डवर आणि मागे सगळा क्लास. “शिफ्ट दाबून चाल बे, खाली काटे आहेत!” “कामून कूदून राहिला? फरशी हलून राहिली ना ती!” निळे बुडबुडे येणारी बाटली प्यायची नाही, हे ज्ञान एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे तोंडी जायचं. ‘प्रिन्स’पुढे ‘मेगाहिट’ टाइप केलं की पातळ्या उडवत जाता येतं, हेही असंच आलं. पण मेगाहिट लावून राजकन्येपर्यंत पोचलेल्याला आमच्यात मान नव्हता. (गेम विकत कोणी घेतला होता, असं कृपया विचारू नका. फ्लॉपी फिरत होती.)

यामागची हकिकत मला फार उशिरा कळली. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने हा गेम जवळपास एकट्याने केला. 1985 साली त्याने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि फ्रेमवर फ्रेम गिरवली. म्हणून तो राजपुत्र कड्यावर लटकला की आपल्याच खांद्यात कळ यायची. संगीत त्याच्या वडिलांचं. 1989 साली गेम ॲपल टू वर आला, तेव्हा ते मशीनच म्हातारं झालेलं, विक्री बेताचीच. पुढे डॉसवर आणि इतर मशीनवर तो जगभर गेला.

मला सगळ्यात आवडते ती सावलीची गोष्ट. ॲपल टू मध्ये मेमरी अगदी थोडकी. नायकाच्या हालचालींनीच ती भरलेली, नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग त्याने नायकाचीच चित्रं जराशी सरकवून त्यांच्यावर टाकली, आणि तयार झाला झगमगणारा सावली-माणूस. चौथ्या पातळीवर तुम्ही आरशातून उडी मारता आणि तो आरशातून बाहेर पडतो. मग तुमची बाटली तोच पितो, तुमचं दार तोच बंद करतो. बाराव्या पातळीवर तो तलवार घेऊन समोर येतो, आणि त्याला घाव घातला की आयुष्य तुमचंच कमी होतं. आम्ही त्याला मारून मारून स्वतःच मरत होतो. शेवटी एकाने हात वर केल्यासारखी तलवार म्यान केली, सावलीनेही केली, आणि दोघं धावत एकमेकांत मिसळले. सगळा क्लास ओरडला आणि सर चहा टाकून धावत आले. जागा नाही म्हणून केलेली जुळवाजुळव होती ती, आणि त्या गेममध्ये त्याहून सुंदर काही नाही.

पुढचं जरा भराभर सांगतो. 2003 मध्ये याच मालिकेतला ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. माझं कॉलेज सुरू होतं. घरच्या मशीनमधलं स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड त्याला पुरेना, म्हणून मी तो मित्राच्या घरी, लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून खेळलो. त्यात एक खंजीर होता. चुकलात, पडलात, तर बटण दाबून काळ मागे न्यायचा, वाळू शिल्लक असेपर्यंत. अप्रतिम गेम. पुढच्याच वर्षी आलेला ‘वॉरियर विदिन’ मात्र रक्त आणि आरडाओरडा घेऊन आला, मेकनर त्यात नव्हता. मी तो अर्धवट सोडला. 2008 मध्ये मालिका पुन्हा नव्याने सुरू केली, आणि त्यात तर तुम्ही मरतच नाही. कड्यावरून पडलात की एलिका नावाची सोबतीण हात देऊन वर काढते, दर वेळी.

त्याच सुमारास मी इकडे कॅनडात आलो होतो. भाड्याचं तळघर, व्हिसाची तारीख, बाबांची बायपास नागपुरात आणि मी इथे. एलिकाच्या हाताचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. लोक म्हणतात वय वाढलं की खेळ सुटतो. माझं तसं झालं नाही. ही मालिका दर वेळी जास्त क्षमाशील होत गेली आणि माझे दिवस नेमके उलट्या दिशेने चालले होते. पण तिचीही चूक नाही. ती धरमपेठेतल्या पोट्ट्यांसाठी थांबली असती तर नव्या पोरांना कोण खेळवणार? मालिकेतल्याच एका प्रकल्पातून ‘असॅसिन्स क्रीड’ निघाला आणि 2007 पासून तो थोरल्यापेक्षा मोठा झाला. धाकटी पाती पुढे जाते, मंडळाच्या निवडणुकीत आपण पाहतोच.

मी मनाने परत आलो तो एका फजितीमुळे. सप्टेंबर 2020 मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करणार अशी घोषणा झाली, आणि काम होतं युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे! ट्रेलर आला आणि जगभर ग्राफिक्सची टिंगल झाली. आता नागपूरकर माणूस पुण्याला नावं ठेवायची संधी सोडत नाही, पण त्या दिवशी मी इथल्या सहकाऱ्यांशी पुण्याच्या बाजूने भांडलो. 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेलं, जिथे मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’ बनला होता. राजपुत्र पुण्याहून कॅनडाला आला म्हणायचा, आपल्यासारखाच.

आणि मग जानेवारी 2024 मध्ये ‘द लॉस्ट क्राउन’. पुन्हा बाजूने दिसणारा, पळण्या-उडण्याचा गेम. त्यात पहिल्यांदा अख्खे संवाद फारसीत ऐकता येतात. पर्शियाच्या राजपुत्राच्या गेमला पर्शियाची भाषा बोलायला पस्तीस वर्षं लागली! मी नागपूरला भाच्याला फोन करून म्हटलं, फारसीत लाव. तो म्हणाला, “कामून मामा? समजून तर काहीच नाही राहिलं.” तरी लावला त्याने, आणि आता जाफरला शोभतील अशा शिव्या त्याला येतात असं ताई सांगते.

असो. मागच्या खोलीत युवा विभागाने एका लॅपटॉपवर पहिला, डॉसवरचा प्रिन्स लावून ठेवलाय. मेगाहिट बंद आहे, मी स्वतः बघितलंय. घड्याळ साठ मिनिटांचं आहे आणि जेवण दीडला, तेव्हा ज्यांना राजकन्या सोडवायची आहे त्यांनी आत्ताच रांग लावा. ज्येष्ठ नागरिकांना आधी सोडू.