प्रकल्पाची फाईल आणि दप्तरातली वही

नमस्कार मंडळी. समोर विज्ञान शिक्षक आहेत, पालक आहेत, मागच्या रांगेत मुलंही दिसतायत, हे फार छान झालं. विषय दिलाय 'विज्ञान प्रकल्पाचा अहवाल कसा लिहावा', त्याकडे येतोच, पण आधी एक सांगायचंय.

तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना टेबलाटेबलावर स्पायरल बाइंडिंगच्या फायली दिसतात, गुळगुळीत कव्हर, मग ऋणनिर्देश, मग तीन पानं प्रस्तावना, आणि ती हमखास नेटवरून उतरवलेली. प्रकल्प गावातल्या ओढ्यावर आणि सुरुवात पृथ्वीच्या 71 टक्के भागावर पाणी आहे इथून! अहो, ओढ्याचं नाव काय, पाणी कुठल्या पुलाखालून घेतलं, कुठल्या महिन्यात, ते सांगा की. पृथ्वीचं परीक्षकाला माहीत असतं.

एका वर्षी आठवीतल्या दोन मुली माठाचा प्रकल्प घेऊन आल्या होत्या. एकाच कुंभाराकडचे सारख्या मापाचे दोन माठ, एक तसाच आणि एक बाहेरून ऑइलपेंट मारलेला. प्रश्न सरळ होता, हल्ली रंगवलेले सुंदर माठ मिळतात, त्यात पाणी गार होतं का? फाईलमधला तक्ता इतका सुबक की मला शंकाच आली, सगळे आकडे ओळीत, साधा माठ रोज बरोबर 10 अंशांनी गार. मी विचारलं, बाळांनो, रोज? एकही दिवस कमीजास्त नाही? दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने दप्तरातून वही काढली, कडा दुमडलेली, पाण्याचे डाग पडलेली.

त्या वहीत खरा प्रकल्प होता. मे महिन्यात दुपारी तीनला हवा 39, साधा माठ 27, रंगवलेला 35. दुसऱ्या दिवशी साध्या माठात 31, आणि शेजारी लिहिलेलं, 'मामी आल्या, पाहुणे जास्त, दुपारी माठ परत भरला.' आणि जूनमधली एक नोंद, 'पाऊस. हवा 29, माठ 27. माठ बिघडला का?'

बिघडला नव्हता हो! हवेत दमटपणा वाढला की माठातून झिरपलेलं पाणी फारसं उडत नाही, आणि उडालं नाही तर गारवा कुठून येणार? एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे 10 लिटर पाणी 10 अंश उतरवायला हिशोबाने पावणेदोनशे ग्रॅमच्या आतच पाणी उडावं लागतं, प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून जास्त लागतं, ते असो. पण त्या पावसाच्या रीडिंगमध्ये अख्खा प्रकल्प होता आणि मार्गदर्शक शिक्षकांनी 'खाडाखोड दिसते, एक आकडा चुकतोय' म्हणून तेच काढायला लावलं होतं. मला आजही याचं फार वाईट वाटतं. मुलीने प्रश्न विचारला होता, स्वतःच्या अक्षरात, आणि आपण मोठ्यांनी तो खोडला.

28 फेब्रुवारीला आपण सगळे विज्ञान दिन साजरा करतो, 1928 सालच्या सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा, प्रकाश द्रवातून विखुरताना त्याचा रंग किंचित बदलतो त्याचा. त्या दिवसांत त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन डायरी लिहीत होते, म्हणून आज कळतं की कधी काय दिसलं. आणि 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातली त्या दोघांची टिपणी अगदी छोटी आहे, साठेक द्रव तपासले हे एका वाक्यात उरकलंय, प्रकाशाचं महत्त्व वगैरे काही नाही, थेट मुद्दा.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत, तर आता भराभर सांगतो. अहवाल वहीतूनच लिहायचा, आणि वही रोज भरायची, तारीख, वेळ, जागा, आकडा आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं. चुकलेलं एका रेघेने खोडा, व्हाइटनर नको. मुलांच्या प्रकल्पांच्या बालविज्ञान परिषदेत लॉगबुक, म्हणजे हीच नोंदवही, बघतात ते याचसाठी. शीर्षकात 'एक अभ्यास' लिहू नका, 'रंगवलेल्या माठात पाणी किती गार होतं' असं लिहा. गृहीतक, म्हणजे काय होईल असं वाटतं ते, प्रयोगाआधी लिहायचं, नंतर जुळवून नाही, चुकीचं निघालं तरी राहू द्या. काय बदललं आणि काय सारखं ठेवलं हे कृतीत यायलाच हवं, माठ, पाणी, जागा, वेळ सगळं, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. तक्त्यात एकक लिहा, आलेखाच्या दोन्ही अक्षांना नाव द्या, सरासरीसोबत सुटे आकडेही द्या. निष्कर्षात फक्त आपल्या आकड्यांतून निघतं तेवढंच, माठावरून थेट ग्लोबल वॉर्मिंगला जाऊ नका. आणि मर्यादा लिहा, थर्मामीटर एकच होता, रात्रीची रीडिंग घेतली नाहीत, असं साधं. त्याने मार्क जात नाहीत, मी तरी कधी कापलेले नाहीत.

विचारा आता, मागच्या रांगेतून आधी.